विंगेतला मामा

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

लग्नाच्या मांडवात ही हाक गेली की जेवणाच्या टेबलांकडे सरकू लागलेली माणसंही थबकतात. आमच्या नाटकाच्या धंद्यात अशा वाक्याला एंट्रीची ओळ म्हणत. ओळ पडली की पात्राने रंगमंचावर यायचं. अंगात ताप असो, घरी मयत झालेली असो, यायचं. मी स्वतः एकदा पायात काटा मोडलेला असताना राणी होऊन आलो होतो. लोकांना राणीची ती चाल इतकी आवडली की त्या हंगामात पुढच्या सगळ्या प्रयोगांना मला लंगडावं लागलं. तर ओळ पडली, पात्र विंगेत तयार उभं आहे आणि तरी ते आलं नाही, असं मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं. तेही नाटकात नाही, लग्नात. त्या पात्राचं नाव प्रफुल उरकुडे.

प्रफुलला आमच्या वर्ध्यात सगळे ओळखतात. त्याच्या गाडीवर 'वेडिंग प्लॅनर' असं रंगवलेलं आहे, पण लोक त्याला लग्नवाला प्रफुल म्हणतात. समुद्रपूरकडच्या एका खेड्यातलं हे घर. थोड्याशा ओलिताच्या जमिनीत वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि त्याची आई धुरपता टोपलं घेऊन एसटीने बाजाराला जायची. दहावीनंतर प्रफुल वर्ध्याला आला आणि एका बिछायतवाल्याकडे लागला. मांडव, गाद्या, खुर्च्या भाड्याने देणाऱ्याला आमच्याकडे बिछायतवाला म्हणतात. बांबूवर चढून कापडाच्या झालरी बांधायच्या, हे त्याचं काम.

आमची नाटक मंडळी तेव्हा नुकतीच बंद पडली होती. पडदे विकले, पेट्या विकल्या, मुकुट मुलांना खेळायला दिले. माझ्याकडे फक्त आवाज उरला. तो घेऊन मी लग्नांत माईकवर बोलू लागलो. आहेर पुकारायचे, पाहुण्यांचं स्वागत करायचं, भटजींचा घसा बसला तर मंगलाष्टकंही म्हणायची. राजा झालेला माणूस आहेराची पातेली पुकारतो म्हणून कुणी हसलं, तर मी त्यांच्याहून मोठ्याने हसत असे.

अशाच एका लग्नात वरपक्षाचे मोठे जवाई रुसले. फेटेवाल्याने त्यांच्याआधी धाकट्या जवायाला फेटा बांधला, एवढंच झालं होतं. पण आमच्याकडे एवढं पुरतं. ते जाऊन जीपमध्ये बसले. मुलीचा बाप हात जोडून उभा, काका पाय धरायला वाकलेला, आणि जवाईबुवांचं एकच पालुपद, "माह्यी काय किंमत आहे का इथं? मी कायले उतरू?"

तेवढ्यात बांबूवरून एक काळासावळा तरुण सरसर उतरला. त्याने हात पँटला पुसले आणि जीपपाशी जाऊन तो म्हणाला, "जवाईबुवा, लाईट लावाचे राह्यले जी."

"मंग लाव ना! मले काय सांगतं?"

"तसं नाई जमत. मांडवाचं मेन बटन घरच्या मोठ्या जवायाबिगर कोनी दाबत नाई. नवरदेव अंधारात उभा आहे."

जवाईबुवांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ते उतरले. मानेत ताठा आणून चालत आले, बटन दाबलं. मांडव झळाळून उठला. मी माईकवरून त्यांचं नाव गर्जून पुकारलं, टाळ्या पडल्या. त्यांना स्वतः नवरदेवाने खुर्ची दिली.

नंतर मी त्या तरुणाला गाठलं. "हा रिवाज कुठला रे?"

"आताच निघाला, काकाजी," तो म्हणाला आणि पुन्हा बांबूवर चढला.

आमची ओळख ती अशी झाली. पुढे त्याने बिछायतीचं काम सोडलं, एका आचाऱ्याकडे वाढपी झाला, मग स्वतःचे वाढपी ठेवले, मग मांडव, मग फुलं, मग सगळंच. उभं कसं राहावं, हात कुठे ठेवावेत, समोरच्याच्या बोलण्यात न घुसता त्याचं बोलणं कसं संपवावं, हे त्याने माझ्याकडून घेतलं. पण माणूस ओळखायची कला त्याची स्वतःची होती. तो म्हणायचा, "काकाजी, हरेक घरात एक रुसनारा असते. त्याले साक्षगंधातच हुडकून ठेवाचं." साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. त्या दिवशी प्रफुल कोपऱ्यात उभा राहून नुसता पाहत असे. कोण खुर्चीच्या कडेला बसलंय, कोण पाण्याचा ग्लास परत पाठवतंय, कुणाला फोटोत घ्यायला विसरलेत. मग लग्नाच्या दिवशी त्या माणसामागे एक वाढपी नेमलेला असे. त्याने काही करायचं नाही, फक्त दर थोड्या वेळाने वाकून विचारायचं, "मामाजी, तुमच्यासाठी काही आनू का?" प्रफुलच्या लग्नांत कुणी रुसलं नाही. त्याचं नाव झालं ते फुलांमुळे नाही, यामुळे झालं.

वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेत त्याने एक शेड बांधली. तिथे तो आपल्या माणसांना शिकवायचा. काळा शर्ट, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा नाही, पाहुण्याला 'ओ' म्हणून हाक नाही, नातं विचारून हाक मारायची. पाहुणे जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. आणि सगळ्यात वरचा नियम, जो तो प्रत्येक गिऱ्हाईकालाही पहिल्या भेटीत ऐकवत असे: "आमचा मानूस तुमच्या एकाही फोटोत दिसनार नाई. स्टेजवर तर नाईच नाई."

हा नियम मला कधी पटला नाही. मी त्याला सांगितलं, "अरे, आमच्या मंडळीत हंगामाच्या शेवटच्या प्रयोगाला पडदा ओढणाऱ्यालाही हात धरून पुढे आणायचो. लोक त्यालाही टाळ्या द्यायचे."

"म्हनूनच तुमची कंपनी बुडाली," तो म्हणाला. शेडमधली सगळी माणसं हसली. मीही हसलो. बोलणं खोटंही नव्हतं.

आता अंकिताबद्दल. अंकिता त्याच्या मोठ्या बहिणीची, नलूताईची मुलगी. नलूताईला सेवाग्रामजवळच्या एका खेड्यात दिलं. नवरा बंडूजी, भाजीपाल्याची वाडी, अत्यंत सज्जन आणि अत्यंत गप्प माणूस. शाळेसाठी अंकिता मामाकडे सिंदी मेघेला राहिली. शाळा सुटली की प्रफुल तिला गाडीवर पुढे बसवून थेट मांडवावर घेऊन यायचा. दुपारी मांडव रिकामा असे. मला माईक तपासायचा असे. आता माईकवर काय बोलायचं? "हॅलो, हॅलो" म्हणायची मला नटाला लाज वाटायची. मी खर्जात सूर लावून म्हणायचो, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

की प्रफुल हातातलं काम टाकायचा. अंकिताला कडेवर उचलायचा आणि रिकाम्या खुर्च्यांच्या मधून, जणू दोन्हीकडे हजार माणूस बसलंय अशा थाटात, मंचापर्यंत आणायचा. ती दप्तर गळ्यात अडकवलेली, तोंडात बिस्किट. मंचावर पोहोचल्यावर ती माझ्याकडे बोट करून विचारायची, "नवरदेव कुठं आहे?" मी म्हणायचो, "रुसून जीपमध्ये बसलाय." हे आम्ही इतक्या दुपारी केलं की प्रफुलच्या माणसांनाही माईक चांगला चालतोय की नाही ते त्या वाक्यावरूनच कळू लागलं.

"मामा, मी मोठी झाली तर तुह्याच्यानं उचलल्या जाईन का?"

"तू हत्तीन झाली तरी उचलीन."

ती मोठी झाली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स झाली. तिथेच पाय मोडून आलेला रजत तिला भेटला. त्याचे वडील भैय्याजी, हिंगणघाटकडचे कापसाचे जिनिंगवाले. पैसा, गाड्या, चार माणसांत वजन. मुलाने हट्ट धरला म्हणून त्यांनी भाजीवाल्याची मुलगी पत्करली. अट एकच घातली. लग्न त्यांच्या तोलाचं, त्यांच्या पद्धतीने होणार आणि सगळं तेच करणार. आणि त्यांनी प्रफुलला बोलावणं पाठवलं. त्यांच्या पुतणीचं लग्न त्यानेच केलं होतं, काम पसंत होतं. नवरीचा मामा तोच आहे हे त्यांना तेव्हा ठाऊक होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "देखो प्रफुलभाऊ, धंद्याचा व्यवहार धंद्यासारखा करू. विसार घ्या. रिश्तेदारी अपनी जगह."

प्रफुलने विसाराची आगाऊ रक्कम घेतली.

नलूताईच्या ओसरीवर तो हे सांगायला गेला, तेव्हा मी सोबत होतो. नलूताई वांगी निवडत होती. तिने ऐकून घेतलं, एक किडकं वांगं बाजूला फेकलं आणि म्हणाली, "परत देऊन ये."

"काऊन?"

"तू सोयरा हायेस त्यायचा आता. सोयऱ्यानं सोयऱ्यावानी यावं. फेटा बांधून येजो, खुर्चीवर बसजो, पान खाजो. काम करनारे लय हायेत."

"आन माह्या भाचीच्या लग्नाले कोनी नागपूरवाला येऊन कागदी फुलं लावीन? मी खुर्चीवर बसून पाहू?" प्रफुल चिडला. "ताई, आतापावतर जेवढे लग्नं केले ना मी, ते याच्यासाठी शिकलो. असं लग्न करीन का लोक पाहत राह्यतीन."

"लोक लग्न पाह्यतीन रे बावा," नलूताई म्हणाली. "तुले कोन पाह्यन?"

बंडूजी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. "ताईचं ऐका, मामाजी." एवढंच.

प्रफुलने ऐकलं नाही. त्याला दोष देणं सोपं आहे. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं उभी केली त्याला स्वतःच्या भाचीच्या लग्नात हात बांधून बसायला सांगणं म्हणजे मला पहिल्या रांगेत बसवून माझी भूमिका दुसऱ्याला करताना पाहायला लावणं. मीही बसलो नसतो.

लग्नाच्या आठवडाभर आधी भैय्याजी शेडमध्ये आले. मी तिथेच माझ्या ओळी घोकत बसलो होतो. मांडवाचा नकाशा पाहून झाला, चहा झाला. मग ते फार गोड आवाजात म्हणाले, "एक छोटी बात आहे, प्रफुलभाऊ. मुलीला बोहल्यावर आणायला प्रभाकररावजी येतील तर कसं?"

प्रभाकरराव म्हणजे नलूताईचे चुलत भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक, उंचपुरे, कोट घालणारे. चुलत असले तरी मामाच.

"मी आहो ना जी," प्रफुल म्हणाला. "सख्खा मामा."

"बरोबर आहे. पण त्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर. आमचे पाव्हणे तुम्हाला ओळखतात. माझ्या पुतणीच्या लग्नात माझ्या साळ्यानं तुम्हाला बर्फासाठी झापलं होतं, आठवते? आता तोच साळा तुम्हाला मुलीच्या मामाचा मान देईल, गळाभेट करील? त्यालाही ऑकवर्ड, तुम्हालाही." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि नियम तर तुमचाच आहे ना? आमचा माणूस स्टेजवर दिसणार नाही. मला तर फार आवडला होता तो नियम. मी चार लोकांना सांगितला."

प्रफुल काय उत्तर देतो, याची मी वाट पाहत राहिलो. जवाईबुवाला जीपमधून उतरवणारा माणूस हा. एखादा रिवाज आत्ताच काढेल असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "पाहू जी."

भैय्याजी हसले. "पाहायचं काय त्यात. आणि हो, धाकट्याचं पण यंदाच करायचं आहे. ते पण तुमच्याकडेच."

ते गेल्यावर मी म्हटलं, "विसार परत कर. आत्ता जा."

"मांडवाचं सामान निघालं, काकाजी. फुलवाल्याले सांगितलं. चाळीस पोट्टे कामाले लावले." मग थोड्या वेळाने म्हणाला, "त्या दिवशी काहीतरी सुचन मले. पाह्यजा तुम्ही." आणि मला खरंच वाटलं, सुचेल.

अंकिताला त्याने काही सांगितलं नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. लॉन सिंदी मेघेच्या पलीकडे, रस्त्याला लागून. दुपारी मी माईक तपासायला गेलो. ओठांवर तेच वाक्य आलं होतं, पण प्रफुल खुर्च्यांच्या मध्ये उभा असलेला पाहून मी कधी नव्हे ते "हॅलो, हॅलो" म्हणालो.

मांडव त्याने असा सजवला होता की मी थिएटरातही तसा देखावा पाहिला नाही. निशिगंधाचे पडदे, पितळी समया, नवरीच्या वाटेवर झेंडूच्या पाकळ्यांचा पिवळा पट्टा. ती वाट त्याने स्वतःच्या हाताने घातली. वरपक्षाच्या आत्येमामांपासून, म्हणजे आत्याच्या यजमानांपासून, धाकट्या जवायापर्यंत, रुसू शकेल अशा प्रत्येकाच्या मागे एकेक काळा शर्ट उभा होता. नलूताईच्या माहेरची माणसं समुद्रपूरकडून आली होती. धुरपताआजी पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात, मांडवाकडे पाहून शेजारणीला सांगत होती, "हे सप्पा, सारंच्या सारं, माह्या पोरानं केलं बरं."

प्रभाकरराव भरजरी फेटा बांधून आले. प्रफुल त्यांना बाजूला घेऊन शिकवत होता. "दादा, घाईनं चालू नोका. तिच्या पायात भारी घागरा आहे. तुमचा उजवा हात असा. फोटोवाला म्हनन तेव्हा थांबजा."

"अबे, ते मले समजते. चाळीस वर्षं पोट्ट्यायची रांग चालवली मी," प्रभाकरराव म्हणाले. मग आवाज उतरवून, "पन तू काऊन नाई येत? बरं दिसते का हे? तुह्याच घरी वाढली पोट्टी."

"माह्ये हात रिकामे नाईत आज," प्रफुल म्हणाला, आणि त्याने त्यांच्या फेट्याचा शेमला नीट केला.

मुहूर्त जवळ आला. रजत बोहल्यावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला. लॉनच्या दुसऱ्या टोकाला अंकिता येऊन थांबली. घागरा सासरचा, जड, तांबडा. पण त्यावर खांद्यावरून तिने एक पिवळं पातळ घेतलं होतं, मामाने द्यायचं असतं ते. प्रफुलने सकाळीच नलूताईकडे गुपचूप पोहोचवलं होतं. ती मान वळवून मामाला शोधत होती. शेजारी प्रभाकरराव येऊन उभे राहिले तेव्हा तिने त्यांना नमस्कार केला आणि पुन्हा मान वळवून शोधू लागली.

भटजींनी मला खूण केली.

माझ्या हातात जो कागद होता त्यावर लिहिलं होतं, मुलीचे मामा श्रीयुत प्रभाकरराव यांनी मुलीला घेऊन यावं. मी कागद खाली ठेवला. पोट भरून श्वास घेतला आणि मंडळीत शेवटच्या अंकाला लावायचो तो आवाज लावला.

"मुलीचे मामा, प्रफुल माणिकराव उरकुडे! यांनी मुलीला घेऊन यावं!"

प्रफुल मंचाच्या डाव्या बाजूला, निशिगंधाच्या पडद्याआड उभा होता. काळा शर्ट, हातात वॉकीटॉकी. नेमका विंगेत. माझ्यापासून दोन हातांवर. अंकिताला तो दिसला. तिचा चेहरा इतका उजळला की एवढ्या दुरूनही मला दिसलं. तिने पातळाचा पदर सावरला आणि त्याच्याकडे हात केला.

पहिल्या रांगेतून धुरपताआजी ओरडली, "जाय ना बावा! नाव पुकारलं तुहं!"

भैय्याजींनी मान वळवली नाही. सोफ्यावर बसल्या जागी त्यांनी फक्त चष्मा काढला आणि रुमालाने पुसू लागले. प्रफुल अंकिताकडे पाहत नव्हता. तो त्या चष्म्याकडे पाहत होता. त्याचा एक पाय पुढे आला, हे मी देवाशपथ सांगतो. पडद्याच्या बाहेर, झेंडूच्या पाकळ्यांवर आला. मग त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

माझा माईक मेला. सनई सुरू झाली, मोठ्याने.

प्रभाकररावांनी हात पुढे केला. अंकिताने तो धरला नाही. ती एकटी निघाली, भराभर, घागरा दोन्ही हातांनी उचलून. प्रभाकरराव फेटा सावरत तिच्यामागे जवळजवळ पळत होते. वऱ्हाडात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "नवरीले लय घाई आहे बाप्पा!" फोटोवाल्याला थांबा म्हणायला सवडच मिळाली नाही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, लग्न लागलं. मुलीच्या मागे मामाने उभं राहायचं असतं. तिथे प्रभाकरराव धापा टाकत उभे होते.

लोक जेवायला गेल्यावर प्रफुल माझ्याकडे आला. त्याचा आवाज अगदी साधा होता, मी शिकवलेला. "काकाजी, तुम्ही कागद सोडून बोलले."

"मी तुझी ओळ टाकली होती."

"ते तुमच्या नाटकात. इथं धंदा आहे. भैय्याजी उद्या दुसऱ्याले काम देतीन. या चाळीस पोट्ट्यायच्या घरी तुम्ही जासान का?"

त्याचंही खरं होतं. आणि हेच मला सगळ्यात कडू लागतं, की त्या दिवशी मांडवात खोटं बोलणारा माणूस एकही नव्हता.

स्वयंपाकाच्या तंबूमागे तो उभा होता तेव्हा नलूताई ताट घेऊन आली. "चल. वांग्याची भाजी हाये. घरच्या वाडीतली. माह्या बाजूनं बस."

"स्टाफ पाव्हन्यायच्या मांगून जेवते, ताई."

"मी स्टाफले बोलवाले नाई आली. भावाले बोलवाले आली."

"भाऊ आला नाई आज," प्रफुल म्हणाला.

नलूताईने ताट तिथल्याच एका टेबलावर ठेवलं आणि ती गेली. मी तिथे उभा होतो. सगळं वऱ्हाड जेवलं, सगळे मान झाले. आत्येमामांना दोनदा पान गेलं. आणि मला तेव्हा दिसलं की त्या अख्ख्या मांडवात रुसायचा ज्याचा खरा हक्क होता, त्याच्यामागे एकही काळा शर्ट उभा नव्हता. त्याच्याकडे जाऊन कुणी म्हणालं नाही, मामाजी, तुमच्यासाठी काही आणू का. मी जायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी गेलो. ताट उचलून त्याच्यापुढे धरलं. तो म्हणाला, "काकाजी, बर्फ संपत आला, पाहून येतो."

बिदाईच्या वेळी नवरीच्या गाडीचं दार त्यानेच उघडलं. किंचित वाकून, दाराच्या कडेवर हात धरून, म्हणजे नवरीचं डोकं लागू नये. हे तो आपल्या माणसांना शिकवायचा. अंकिता आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या पाया पडली, आजीच्या पाया पडली. खांद्यावरचं पिवळं पातळ आता नव्हतं. गाडीशी येऊन ती त्याच्यासमोर थांबली. लहानपणापासून त्याला अरे-तुरे करणारी मुलगी.

"थँक्यू हं," ती म्हणाली. "तुमचं नियोजन फार छान होतं."

तो "हो जी" म्हणाला. तोंडातून आपोआप निघालं असावं. ती बसली. त्याने दार लावलं, हलक्या हाताने, आवाज न होऊ देता.

भैय्याजींच्या धाकट्याचं लग्नही प्रफुलनेच केलं. मग त्यांच्या ओळखीतल्या तीन-चार घरांची. आता नागपूरची माणसंही त्याला बोलावतात. शेड मोठी झाली. माझा माईक मात्र त्या दिवसानंतर गेला. एका मुलीच्या आवाजात सगळ्या ओळी भरून ठेवल्यात, वेळ आली की बटन दाबतात. स्वच्छ आवाज आहे, चूक म्हणून होत नाही. त्याने मला घरी येऊन सांगितलं, दर महिन्याला काही पाठवेन म्हणाला. मी म्हटलं, पाठवू नकोस, कधी येऊन बसत जा. तो येतो. आम्ही जुन्या नाटकांबद्दल बोलतो. अंकिताबद्दल नाही. ती नलूताईकडे येते, सिंदी मेघेवरून तिची गाडी जाते, थांबत नाही.

परवा शेजारच्यांच्या मुलीच्या लग्नाला पाहुणा म्हणून गेलो होतो. काम प्रफुलचं होतं. त्याने मला पहिल्या रांगेत बसवलं, मागे एक काळा शर्ट उभा केला. मुहूर्त आला. स्पीकरच्या पेटीतून ती भरून ठेवलेली ओळ आली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." एक जाडजूड मामा घामाघूम होत, हसत, भाचीचा हात धरून निघाला. मी विंगेकडे पाहिलं. प्रफुल तिथे नव्हता.

मागे उभ्या असलेल्याला मी विचारलं, "साहेब कुठे गेले रे?"

"जनरेटर पाहाले गेले जी," तो म्हणाला. "या टायमाले ते दर लग्नात जातेत."

"काय बिघडलंय जनरेटरला?"

"काही नाई जी. चालू आहे," तो म्हणाला, आणि वाकून त्याने विचारलं, "काकाजी, तुमच्यासाठी काही आनू का?"